तोंड 17 मिमीच उघडतं, सांधा मात्र ठीक: कोरोनॉइड वाढलंय का?

कोथरूडचा_डेंटिस्ट:
16 वर्षांचा मुलगा. तोंड उघडणं दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी होत आता पुढच्या दातांत जेमतेम 17 मिमी. दुखत नाही, सांध्यात आवाज नाही. सुपारी-गुटखा नाही, त्यामुळे गालात होणारे कडक पट्टेही हाताला लागत नाहीत. ओपीजीत (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) कॉन्डाइल (खालच्या जबड्याचं सांध्यातलं टोक) व्यवस्थित, पण दोन्ही कोरोनॉइड (त्याच्या पुढचं, चावण्याचा स्नायू जिथे चिकटतो ते टोक) उंच दिसतात. आधी स्प्लिंट (दातांवर बसवायची पट्टी) देऊन बघू का?

रेडिओ_मॅक्स:
स्प्लिंटमध्ये वेळ घालवू नका. कोरोनॉइडचं टोक तोंड उघडताना गालफडाच्या हाडामागून पुढे-खाली सरकतं. ते लांब झालं की त्या हाडावर अडतं, मग स्नायू कितीही सैल करा. बोटांनी हलकेच ताणून बघा. स्नायू आखडलेला असेल तर थोडं जास्त उघडतं, इथे एकदम कडक अडेल. किशोरवयीन मुलगा, दोन्ही बाजू, वेदना नाही, हे चित्र कोरोनॉइड हायपरप्लेझियाचंच (म्हणजे कोरोनॉइड जास्त वाढणं).

सीटी मात्र तोंड मिटून आणि जमेल तेवढं उघडून, असा दोन्ही स्थितींत, थ्रीडीसह सांगा. नुसत्या मिटलेल्या तोंडात लांबी दिसते, अडतंय कुठे ते कळत नाही. टोकावर गाठ आणि गालफडाच्या हाडाशी नवा सांधा दिसला तर तो जेकब्स डिसीज (1899 पासून माहीत असलेला). तो बहुधा एकाच बाजूला असतो.

सर्जरी_ओपीडी:
भूलतज्ज्ञांना आधीच कळवा. भूल दिली की तोंड उघडेल या भरवशावर राहू नये, हाड अडलेलंच राहतं. नाकातून फायबरऑप्टिकने नळी घालायची तयारी हवी.

कोरोनॉइडेक्टमी (कोरोनॉइड कापून काढणं) तोंडाच्या आतूनच होते. रॅमसच्या (जबड्याचा मागचा उभा भाग) पुढच्या कडेवर छेद, टेम्पोरॅलिस (कोरोनॉइडला चिकटलेला स्नायू) सोडवायचा, सिग्मॉइड नॉचपासून (कोरोनॉइड आणि कॉन्डाइलमधली खाच) पुढे-खाली काप. कापण्याआधी टोक पक्कं धरायचं, नाहीतर स्नायू तुकडा वर ओढून नेतो आणि शोधताना रक्तस्राव वाढतो. टेबलावरच 35 मिमीच्या पुढे उघडलं पाहिजे. तुकडा पॅथॉलॉजीला पाठवाच.

आणि खरा कस पुढे आहे! व्यायाम दोन-तीन दिवसांतच सुरू. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी दाढांमध्ये ठेवायची, पुढच्या दातांवर जोर नको, ते हलतात. दिवसातून पाच-सहा वेळा, किमान सहा महिने. दुखतं म्हणून सोडलं की व्रण आखडतो आणि मिळवलेलं उघडणं हातचं जातं.

कोथरूडचा_डेंटिस्ट:
दहावीची बोर्डाची परीक्षा आहे. थांबलं तर?

सर्जरी_ओपीडी:
काही आठवडे चालेल, सीटी आत्ताच करून घ्या. व्यायामाला रोजचा वेळ लागतो, त्यामुळे परीक्षेनंतरची सुट्टीच बरी. तोवर लहान डोक्याचा ब्रश आणि फ्लोराइड. मागच्या दाढा किडल्या तर 17 मिमीत ड्रिल पोचत नाही. धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील डेंटल कॉलेज, दोन्हीकडे ओरल सर्जरी विभाग आहे.