आधी दवाखाना, तक्रार नंतर

बलात्कार झाला तर 'आधी पोलिसांत तक्रार, मगच दवाखाना' असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाहीये. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करावेच लागतात. २०१३ पासून नकार हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवायचं कामही रुग्णालयाचंच. 'हद्द आमची नाही' म्हणून ठाण्यातूनही परत पाठवता येत नाही.

आणि ती दोन बोटांची तपासणी, म्हणजे योनीत बोटं घालून पीडितेला शरीरसंबंधांची 'सवय' आहे का ते बघणं (तिला चाचणी म्हणणंही जिवावर येतं)! सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं, की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी. १९७२ च्या देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या प्रकरणात (दोन पोलिसांवर एका मुलीवरच्या बलात्काराचा आरोप होता) सत्र न्यायालयाने त्या मुलीला शरीरसंबंधांची 'सवय' असल्याचं म्हटलं होतं. १९७८ मध्ये दोन्ही पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले.