मदत हवी आहे : वारलेल्या वडिलांच्या आवाजात एआयने केलेली भारुडं, वारसांना काही करता येईल का?

नमस्कार. इथे वकील किंवा संगीत-ध्वनिमुद्रण क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया वाचा. थोडं लांब होईल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सातारा जिल्ह्यात भारुडं करायचे. सप्ताह, जत्रा, दिंडीचा मुक्काम, बोलावतील तिथे जायचे. १९९८ मध्ये त्यांची एक कॅसेट निघाली. आमच्या भागात बरीच खपली, एसटी स्टँडवर वाजायची. अण्णा २०१९ ला गेले.

गेल्या महिन्यात आईने मला फोन करून सांगितलं, 'अगं, अण्णांची आपण न ऐकलेली भारुडं सापडलीत.' ती इतकी खुशीत होती. भाच्याने तिला मोबाईलवर लावून दिली होती. मी ऐकली. आवाज अण्णांचाच, पण अण्णा ध्रुपदावर यायच्या आधी एक श्वास घेऊन 'हां' म्हणायचे, तो कुठेच नाही. चॅनलवर अशी अकरा भारुडं आहेत, फोटो अण्णांचा, नावही अण्णांचं. एकात मध्येच निरूपण थांबवून अण्णा गुडघेदुखीच्या तेलाची शिफारस करतात. ज्या माणसाने भारुडासाठी उभं राहिल्यावर गावच्या पुढाऱ्याचंसुद्धा नाव घेतलं नाही, त्याच्या तोंडी हे. आईला अजून सांगितलेलं नाही.

चॅनलवाल्याला लिहिलं, उत्तर नाही. प्लॅटफॉर्मकडे तक्रार केली तर विचारतात, ती व्यक्ती तुम्ही स्वतः आहात का? कॉपीराइटचा फॉर्म विचारतो, कुठल्या मूळ कृतीची नक्कल झाली? मूळ कृतीच नाही, ही भारुडं अण्णांनी कधी म्हटलीच नव्हती! भारुडं तर नाथांची, सगळ्यांचीच. चोरलाय तो आवाज.

तालुक्याच्या वकिलांनी सांगितलं की माणूस गेला की स्वतःच्या आवाजावरचा त्याचा हक्क संपतो. म्हणून स्वतः वाचायला घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना एआयने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, परवानगीशिवाय त्याची नक्कल करणारं साधन लोकांना वापरायला देणंसुद्धा चूक, अशी त्यामागची भूमिका. वाचून धीर आला. पण ते दोघेही स्वतः न्यायालयात गेले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या प्रकरणात म्हटलं की असे हक्क वारसांकडे येत नाहीत. जयललितांवरच्या चित्रपटाच्या वेळी त्यांच्या भाचीलाही मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असंच सांगितलं. ही दोन्ही प्रकरणं चित्रपटांची होती, एखाद्याच्या आयुष्यावर गोष्ट सांगण्याची. आमच्याकडे तर अण्णांनाच उभं करून बोलायला लावलंय. हा फरक न्यायालयात टिकेल का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षं टिकतो. म्हणजे १९९८ च्या कॅसेटवरचा अण्णांचा हक्क २०४८ अखेरपर्यंत आहे. तो तरी वारसांकडे येतो ना? या चॅनलवाल्याने एआयला आवाज शिकवायला तीच कॅसेट वापरली असणार, कारण अण्णांचं दुसरं ध्वनिमुद्रण माझ्या माहितीत नाही. मग कॅसेट संगणकात भरून घेणं हीच विनापरवाना प्रत झाली, असं म्हणता येईल का? आणि ते सिद्ध कसं करायचं?

तिसरी अडचण कराराची. ट्रंकेत कॅसेट कंपनीचा स्टँपपेपर सापडला. त्यात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलंय, खाली अण्णांची सही. माध्यम म्हणून फक्त कॅसेटचा उल्लेख आहे. २०१२ च्या दुरुस्तीत असं आहे की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट लिहिल्याशिवाय दिले गेले असं धरत नाहीत. ही दुरुस्ती १९९८ च्या कराराला लागू होते का? कंपनी आता बंद आहे, मालकही हयात नाहीत.

पैसे नकोत. भारुडं उतरावीत आणि तेलाची जाहिरात थांबावी, एवढंच हवंय.

भर : खाली दोघांनी विचारलंय म्हणून लिहिते. हो, सगळे व्हिडिओ तारखेसह डाउनलोड करून ठेवलेत, तेलाच्या बाटलीवरचा पत्ताही टिपलाय. वारस दाखला आहे, आई, मी आणि धाकटा भाऊ. मूळ कॅसेट आहे, पण फीत एका जागी चिकटलीये. ती न बिघडवता डिजिटल करून देणारं पुण्यात किंवा साताऱ्यात कुणी माहीत असेल तर तेही सांगा, कारण तुलना करायची तर आधी तीच लागेल. आणि ज्यांनी अशा प्रकरणात नोटीस पाठवली असेल त्यांनी एवढं सांगा : पहिली नोटीस चॅनलवाल्याला द्यायची की तेलवाल्याला?