मदत हवी आहे: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर गादीचा हेडबोर्ड

क्वीन पलंगासाठी ६२ × २८ इंची हेडबोर्ड (उशाकडची गादीदार फळी) करायचा आहे. १२ मिमी मरीन प्लाय, २ इंची ३२ डेन्सिटी फोम, वर पॉलिफिलचा (कापसासारख्या पॉलिएस्टरचा) पातळ थर, मग कापड. कापडाचा पन्हा ५४ इंच, म्हणून ते आडवं लावणार. नाहीतर मधोमध शिवण येते. स्टेपल गनच्या पिना १० मिमीच्या, कारण १२ मिमीच्या टोकं पुढे काढतात. आधी चार बाजूंच्या मध्यावर एकेक पीन, मग कोपऱ्यांकडे. कोपऱ्यातून सुरुवात केली की कापडाला झोळ पडलाच.

अडलंय ते भिंतीपाशी. वजन दहा-अकरा किलो भरेल. ४५ अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून टांगायचा विचार आहे, पण चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. साधा प्लॅस्टिक प्लग गिलाव्यातच फिरत राहतो. चिऱ्यात १०० मिमीचा लांब प्लग पुरेल की केमिकल अँकरच (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) हवा? की हेडबोर्डला पाय लावून तो सरळ पलंगालाच जोडावा?

दुसरं, पावसाळ्यात मागे बुरशी नको म्हणून भिंतीपासून अर्धा इंच फट पुरेल का? मागचं काळं कापड लावावं की प्लाय उघडाच ठेवावा? आणि स्टेनलेसच्या पिना म्हापसा-पणजीकडे सुट्या मिळतात का? साध्या पिनांचा गंज फिक्या कापडावर उतरतो.