मदत हवी आहे: स्पितीला निघण्याआधी फुल फ्रेम घ्यावा, की क्रॉपवरच भागवावं?

सह्यभटका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्पितीला निघतोय. सिमल्याकडून चढायचं, किन्नौर करत काझा, तिथून चंद्रताल आणि मग मनालीला उतरायचं. आम्ही तिघं मित्र आहोत. बाकी दोघांना कॅमेऱ्याशी देणंघेणं नाही. मी "थांबा रे, लेन्स बदलतो" म्हणेपर्यंत ते पुढच्या वळणावर पोचलेले असतात.

माझ्याकडे २०१८ पासून निकॉन डी ५६०० आहे, म्हणजे क्रॉप, लहान सेन्सरचा कॅमेरा. सोबत १८-५५ आणि ७०-३००, दोन्ही एएफ-पी डीएक्स, म्हणजे निकॉनच्या क्रॉपसाठीच्याच. आजवर काही तक्रार नव्हती. मागच्या डिसेंबरात अजिंठ्याला गेलो आणि डोक्यात किडा शिरला. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभा होतो. फ्लॅशला बंदी आहे, ती योग्यच. उजेड जेमतेम. ३५ एमएमवर एफ ४.५ (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), १/३० सेकंद, आयएसओ ६४०० (हा वाढवला की फोटो उजळतो, पण दाणे येतात). कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर झकास दिसत होता. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडला तर पद्मपाणीच्या गालावर कोणीतरी रवा भुरभुरल्यासारखा! हातातल्या कमळाच्या पाकळ्या एकमेकींत विरघळून गेलेल्या.

ऑफिसातल्या एका मित्राकडे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आहे. तो म्हणाला, "सेन्सरच लहान, तू तरी काय करणार." तेव्हापासून झोप नाही.

बजेट सगळं मिळून १ लाख २० हजार. मनात आहे ते असं, दोन्ही निकॉनचेच फुल फ्रेम: एकतर सेकंडहँड डी ७५० आणि २४-१२०, नाहीतर झेड ५ आणि पैसे उरतील तशी एखादी लेन्स. स्पितीत डोंगर, गोम्पा (बौद्ध मठ), आतले दिवे, माणसं आणि जमल्या तर चांदण्या काढायच्या आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

भिंगवाला

उत्तर देण्याआधी एक प्रश्न. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढता की जेपेग (कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेला फोटो)?

सह्यभटका

जेपेग. (हसू नका.)

भिंगवाला

हसत नाही, पण मित्राचं बोलणं तूर्त बाजूला ठेवा.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी. तुमचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर फरक सव्वादोन पटींहून थोडा जास्त, म्हणजे एक स्टॉप (उजेडाची एक दुप्पट) आणि वर चिमूटभर. त्यामुळे फुल फ्रेमवर ६४०० ला जेवढा रवा दिसेल, साधारण तेवढा तुमच्या डी ५६०० वर २८०० च्या आसपास दिसतो. फरक खरा आहे, नाकारत नाही.

आता काचेकडे बघा. ३५ एमएमवर तुमची किट लेन्स (१८-५५) एफ ४.५ च्या पुढे उघडतच नाही. तिच्या जागी डीएक्स ३५ एमएम एफ १.८ असती, तर सव्वासहा पट उजेड आत आला असता. तोच कॅमेरा, तोच शटर, आणि आयएसओ ६४०० ऐवजी १०००. सेन्सर बदलून मिळतं त्याच्या दुपटीहून जास्त त्या २०० ग्रॅमच्या लेन्सनं मिळतं, तेही बजेटच्या लहानशा तुकड्यात.

त्यात जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या अकलेनं रवा पुसला आणि पुसताना पाकळ्याही पुसल्या. तुमचं कमळ विरघळलं त्याला निम्मं कारण हेच. रॉ असता तर आजही लाइटरूम सॉफ्टवेअरच्या डिनॉइजमध्ये (रवा काढायच्या सोयीत) घालून बराचसा परत आणता आला असता.

अजून एक. तुमच्या दोन्ही लेन्सा डीएक्स आहेत. फुल फ्रेमवर लावल्या की कॅमेरा सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो, २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. म्हणजे नुसती बॉडी घेऊन भागत नाही, अख्खा संसार नव्यानं मांडावा लागतो. आणि १ लाख २० हजारांत मांडलेल्या संसारात लेन्सच्या वाट्याला काय येतं ते तुम्हीच बघा.

दर्यावर्दी

माझी कथा सांगतो, घ्या काय घ्यायचं ते.

आम्ही रत्नागिरीकर. हौसेनं फुल फ्रेम घेतला, त्यावर २४-७० एफ २.८. पहिले सहा महिने सगळीकडे नेला. मग पाठ बोलायला लागली. बाजारात जाताना नको, देवळात जाताना नको, लग्नात तर मुळीच नको, लोक आपल्यालाच फोटोग्राफर समजून "काका, आमचा एक काढा" करतात. हळूहळू तो कपाटात राहायला लागला. कोकणात जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेल्या काचेचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. गणपतीत बाहेर काढला तर पुढच्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्यानं साफ करून दिली, पण कोटिंगवर डाग राहिला तो राहिलाच.

तेव्हा कुठला सेन्सर ते नंतर बघा. तीन किलोमीटर चालल्यावरही गळ्यात राहील असा कॅमेरा आहे का, ते आधी बघा. आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पिठूळ धूळ आत शिरते.

तारामती_टोक

सगळे एकाच बाजूनं बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

धागाकर्त्यानं "चांदण्या" हा शब्द लिहिलाय, तो सगळ्यांनी गिळला. चंद्रतालसारखं आभाळ रोज मिळत नाही. रात्रीच्या आकाशासाठी मोठा सेन्सर आणि रुंद, उघडी लेन्स हेच खरं. मी फुल फ्रेमवर २० एमएम एफ १.८ वापरतो, २५ सेकंद उघडा ठेवतो, चांदण्या ठिपक्यासारख्या येतात. तुमच्या १८-५५ वर १८ म्हणजे फुल फ्रेमवरच्या २७ एमएमइतकं दृश्य. चांदण्यांच्या रेघा न होता शटर किती वेळ उघडं ठेवता येईल त्याचा ठोकताळा: ५०० ला २७ नं भागा, १८ सेकंद हाती येतात. त्यावर एफ ३.५. माझ्या तुलनेत उजेड किती कमी पडतो ते मोजत बसू नका, वाईट वाटेल.

ही तूट बॉडी न बदलताही काही अंशी भरून निघते. टोकिनाची ११-२० एफ २.८ क्रॉपसाठीच बनवलेली आहे. ११ वर ३० सेकंद मिळतात. वजन मात्र ५६० ग्रॅम. चांदण्यांसाठी फोकस हातानंच करायचा असतो, तेव्हा ऑटोफोकसची चिंता नको.

तरीही, पुढची दहा वर्षं रात्री डोंगरावर जागायचा विचार असेल तर फुल फ्रेम घ्या. एका सहलीपुरती हौस असेल तर घेऊ नका.

राइनकाठची

फ्रँकफर्टहून लिहितेय. मी उलटा प्रवास केला. फुल फ्रेम विकून सोनी ए ६४०० (हाही क्रॉपच) आणि १८-१३५ घेतली. दोन्ही मिळून ७२८ ग्रॅम. भारतात येताना देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा असते, त्यात आईसाठीचं सामान, लॅपटॉप आणि कॅमेरा बसवायचा म्हणजे काय ते परदेशी राहणाऱ्या लेकींनाच कळेल.

"मोठ्या प्रिंटला फुल फ्रेमच हवा" हे मीही मानायचे. ए-३ आकाराच्या चांगल्या प्रिंटला साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. दादा, तुमच्या डी ५६०० मध्ये २४ आहेत. घरात ए-३ हून मोठी फ्रेम लावायला भिंत तरी आहे का? आमच्याकडे नाही.

फुल फ्रेमवर पार्श्वभूमी जास्त अंधुक येते, त्या मोहाबद्दलही एक. मला प्रवासात पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतात. तिथे क्रॉप उलट सोयीचा.

सह्यभटका

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

काल रात्री स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. आई कणीक मोजत होती, तिला थांबवलं. डी ५६०० बॅटरी-कार्डासकट ४६५, १८-५५ ची २०५, ७०-३०० ची ४१५. मिळून १०८५ ग्रॅम. मग झेड ५ चं पत्रक उघडलं: बॉडी ६७५, तिची २४-१२० एफ ४ ची ६३०. मिळून १३०५. म्हणजे एका लेन्ससकट फुल फ्रेम माझ्या अख्ख्या पिशवीपेक्षा जड. शिवाय ती १२० ला थांबते, आणि माझी ७०-३०० क्रॉपवर ४५० पर्यंत पोचते. आई म्हणाली, "वजन कमी करायचंय तर पोट बघ आधी."

तरी मन ऐकेना. शनिवार-रविवारसाठी झेड ५ आणि २४-१२० भाड्यानं घेतोय. एका सहकाऱ्याची ३५ एमएम एफ १.८ मागितलीय. रविवारी कार्ल्याला जातो आणि कळवतो.

भिंगवाला

हे फार चांगलं केलंत. एकच विनंती, दोन्हीवर रॉ.

सह्यभटका

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण मला जे दिसलं ते अपेक्षेपेक्षा वेगळं होतं.

चिंचवडहून सकाळची लोकल धरून मळवलीला उतरलो. पाऊस रिमझिम. एकवीरेला येणाऱ्यांची गर्दी होती, पण चैत्यगृहात आठच्या सुमाराला चारपाच माणसं होती. बाहेर ढग, त्यामुळे वरच्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. स्तूपाच्या डोक्यावर लाकडी छत्री आहे, मूळची. तिच्या कडेवर फोकस केला, दोन्ही कॅमेऱ्यांवर तेवढंच दृश्य ठेवलं. क्रॉपवर ३५, फुल फ्रेमवर ५२ च्या आसपास.

क्रॉप, ३५ एमएम: १/६०, एफ १.८, आयएसओ ८००.
फुल फ्रेम, २४-१२०: १/६०, एफ ४, आयएसओ ४०००.

घरी दोन्ही शेजारी शेजारी उघडले. क्रॉपचा फोटो जास्त स्वच्छ! छत्रीच्या लाकडाच्या रेषा मोजता येतात. फुल फ्रेमवर त्या आहेत, पण बारीक रवा आहे. मी फाइलींची नावं दोनदा तपासली.

पण पुढे ऐका. झेड ५ च्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे. तोच फोटो हातात धरून १/८ ला काढला, आयएसओ ५०० वर आला आणि लाकूड काचेसारखं स्पष्ट. इथे फुल फ्रेम जिंकला. फक्त स्तूपाशी हात जोडून उभ्या असलेल्या आजी जरा हलल्या आणि त्यांचा चेहरा पुसला गेला. खांब, शिल्प, छत असेल तर १/८ चालतं, माणूस आला की नाही.

छताच्या लाकडी कमानी मात्र ३५ मध्ये मावेनात. भिंतीला पाठ टेकवून बसलो तरी नाही. तिथे १८-५५ च लावावी लागली. झेड ५ ला नुसती रिंग फिरवली की २४. हे सुख मान्य करतो.

आणि खांदा. परतीला पायऱ्या उतरताना दोन्ही कॅमेरे गळ्यात होते. एका पट्ट्याचा वळ रात्रीपर्यंत राहिला. कुठल्या ते सांगत नाही.

तारामती_टोक

प्रामाणिक चाचणी. मी माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. चांदण्यांचा अर्धा ठेवतो.

बॅटरीचं कोणीच बोललं नाही म्हणून: कंपनीच्याच आकड्यांनुसार डी ५६०० एका बॅटरीवर ९७० फोटो देतो, झेड ५ पडद्यावर बघून काढला तर ४७०. स्पितीच्या थंडीत दोन्ही आकडे खाली येतील, आणि मुक्कामी वीज असेलच असं नाही. रात्री बॅटऱ्या पांघरुणात घेऊन झोपायच्या. बायको असेल तर आधी सांगून ठेवायचं.

दर्यावर्दी

३५ घेताना बघून घ्या हं. काही दुकानदार डी अक्षराच्या जुन्या लेन्सा स्वस्तात पुढे करतात. डी ५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्या लेन्सा तिच्यावर हातानंच फिरवाव्या लागतात. एएफ-एस लिहिलेलंच घ्या. टॉर्च मागच्या बाजूनं मारून आत जाळं आहे का तेही पाहा. दुधानं तोंड पोळलंय म्हणून सांगतो.

सह्यभटका

काका, तुमचा प्रतिसाद वेळेवर वाचला. काल मुंबईत बोरा बाजारात गेलो होतो आणि पहिल्याच ठिकाणी ५० एमएम एफ १.८ डी हातात दिली, "हीच घ्या साहेब, सगळे हीच नेतात." मी माझा कॅमेरा काढून लावली, शटर अर्धं दाबलं. चिडीचूप. दुकानदारानं छताकडे पाहिलं.

पुढच्या गल्लीत ३५ एएफ-एस मिळाली. पुढच्या रिंगवर ओरखडा आहे, काच स्वच्छ आहे. टॉर्च मारली. पिशवी आता १२८५ ग्रॅम, म्हणजे झेड ५ आणि २४-१२० पेक्षा वीस ग्रॅम कमी. टोकिना विकत घेत नाही, त्या दहा दिवसांसाठी भाड्यानं बघतो. उरलेल्या पैशांत दोन जादा बॅटऱ्या, आणि काझाला एक मुक्काम वाढवला. मित्र म्हणाले, "मग आम्ही काय करायचं?" म्हटलं, झोपा.

ट्रायपॉड मात्र अजून नाही. चांदण्या काढायच्या तर हवाच. पुण्यात कोणाकडे पडून असेल तर येऊन घेऊन जातो, ऑक्टोबरात परत.

दर्यावर्दी

माझा आहे. मुलगा कोथरूडला असतो, त्याच्याकडे पाठवतो. तीन पायांपैकी एकाचं कुलूप गंजलंय, तो पाय पूर्ण उघडू नका. बाकी दोन त्याच्या मापाला आणा, उभा राहतो.