वर्षातून चार-सहा वेळा वापरायला बॅटरीवरचे ड्रिल: पाच हजारांत काय घ्यावे?

तिसरा_मजला

नमस्कार. वाकडला २०१९ मध्ये ताबा मिळालेली आमची सदनिका इतकी वर्षे भाड्याने दिलेली होती. गेल्या महिन्यात आम्ही स्वतः तेथे राहायला आलो आणि एका घराला किती ठिकाणी भोके पाडावी लागतात हे लक्षात आले. तीन खोल्यांतील पडद्यांचे रॉड, स्वयंपाकघरात डब्यांसाठी एक फळी, न्हाणीघरात टॉवेलची दांडी, दाराच्या दोन कड्या आणि घड्याळ, एवढी कामे समोर आहेत. सुतार चार भोकांचे पाचशे रुपये सांगतो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तो ‘उद्या येतो’ म्हणून गेला त्याला आता बारा दिवस झाले.

म्हणून बॅटरीवर चालणारे ड्रिल घ्यावे असा विचार आहे. ही कामे उरकल्यावर ते वर्षातून चार-सहा वेळाच कपाटाबाहेर निघेल. तरतूद पाच हजार रुपयांची आहे. थोडे वर जायला हरकत नाही, पण कारण पटले पाहिजे. दुकानात १२, १८, २० आणि २१ व्होल्ट असे आकडे दिसले, एका डब्यावर तर ४८ लिहिलेले होते, आणि ‘जास्त व्होल्ट म्हणजे जास्त ताकद’ यापलीकडे विक्रेत्याने काही सांगितले नाही. ड्रिल ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर ही तीन यंत्रे आहेत की एकाच यंत्राची तीन नावे, हेही कळले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा

यंत्राचे नंतर पाहू. आधी आपली भिंत कशाची आहे ते सांगा. बांधकामाच्या साइटवर बरीच वर्षे काढल्यामुळे हा प्रश्न मी सर्वांनाच विचारतो, कारण ‘ड्रिल चालत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे ड्रिल ठीक असते, भिंत मात्र त्यांना वाटली होती तशी नसते.

जुन्या इमारतींत कॉलम आणि बीम काँक्रीटचे व मधल्या भिंती भाजलेल्या विटांच्या असत. गेल्या काही वर्षांत विटांची जागा हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकनी घेतली असून त्यांचे वजन दर घनमीटरला साधारण ६०० किलो भरते, तर भाजलेल्या विटेचे १६०० च्या पुढे जाते. तिसरा प्रकार मायवान शटरिंगच्या इमारतींचा. त्यांत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे घरातील जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची असते. आपली इमारत या तिसऱ्या प्रकारातील असेल तर पाच हजारांतील बॅटरीच्या ड्रिलने आपले समाधान होणार नाही, हे आत्ताच सांगतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पलंगामागे किंवा कपाटामागे, जिथे दिसणार नाही अशा जागी एक बारीक भोक पाडायला लावा आणि पडणारी भुकटी पाहा. सुरुवातीचा दहा-पंधरा मिलिमीटरचा थर प्लास्टरचा असतो, तो सोडून द्या. त्यानंतर लालसर भुकटी आली तर भाजलेली वीट, पांढुरकी भुकटी येऊन बिट (ड्रिलला लावायची भोक पाडणारी सळी) लोण्यात गेल्यासारखे आत सरकले तर एएसी ब्लॉक, आणि करडी, पिठासारखी भुकटी येत बिट जेमतेम पुढे सरकत असेल तर काँक्रीट.

आणि पडद्यांच्या रॉडबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रॉडचे ब्रॅकेट खिडकीच्या वरच्या कडेपासून चार-सहा इंचांवर बसते आणि नेमका तेथेच खिडकीवरचा काँक्रीटचा लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी, असतो. म्हणजे बाकीचे घर विटांचे असले, तरी घरमालक हौसेने जे पहिले काम काढतो ते नेमके घरातल्या सर्वांत कठीण जागी असते. पुष्कळांचे ड्रिल पहिल्याच रविवारी नावडते होते ते यामुळे.

अर्धा_सुतार

ओळंबा यांच्याशी सहमत. नावांचा गोंधळ तेवढा दूर करतो.

ड्रिल ड्रायव्हर नुसते फिरते. लाकूड, पत्रा, स्क्रू यांसाठी ते पुरते. इम्पॅक्ट ड्रिल तेच काम करते आणि शिवाय त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला पुढे-मागे बारीक ठोके देण्याची सोय असते. चकामागच्या (बिट पकडणाऱ्या तोंडामागच्या) कड्यावर हातोडीचे चित्र दिसले की ते हे यंत्र समजावे. इम्पॅक्ट ड्रायव्हर मात्र वेगळाच. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, त्यात षटकोनी दांड्याचेच बिट बसते आणि तो लांब स्क्रू व बोल्ट घट्ट करण्यासाठी असतो. भिंतीसाठी तो घेऊ नये. नावातील साम्यामुळे ऑनलाइन खरेदीत ही चूक सर्रास होते. आपल्याला हवे ते मधले, म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल.

आता व्होल्टचे. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो. तीन सेलांचे ३.६ प्रमाणे १०.८ होतात, त्यालाच ‘१२ व्होल्ट’ म्हणतात. पाच सेलांचे सरासरीने १८ आणि पूर्ण भारित अवस्थेत २१. म्हणजे १८, २० आणि २१ हे आकडे एकाच पाच सेलांच्या बॅटरीची तीन वर्णने आहेत, त्यांत ताकदीचा फरक काही नाही. डब्यावरच्या ४८ च्या पुढे बहुधा व्ही आणि एफ अशी अक्षरे बारीक टाइपात असतील. तो व्होल्टचा आकडाच नव्हे, केवळ छपाई आहे.

बॅटरीत वीज किती मावते ते सांगणाऱ्या ॲम्पिअर-अवरच्या आकड्याकडेही तसेच पाहावे. घरगुती यंत्रांत बहुधा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा सेल असतो, आणि चांगल्यात चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता साडेतीन ॲम्पिअर-अवरच्या आसपास थांबते. पाच सेलांच्या लहानशा बॅटरीवर कोणी सहा हजार मिलिॲम्पिअर-अवर लिहिले असेल तर तो डबा खाली ठेवून द्यावा. टॉर्कचेही, म्हणजे फिरवण्याच्या जोराचेही, दोन आकडे असतात, एक कठीण जोडाचा आणि एक मऊ जोडाचा. जाहिरातीत मोठा तेवढाच छापतात. १२ व्होल्टच्या चांगल्या यंत्राचा मोठा आकडा ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि घरकामाला तेवढा भरपूर आहे.

माझा सल्ला असा, की ज्याची दुरुस्ती आपल्या शहरात होते अशा कंपनीचे १२ व्होल्टचे, दोन गिअरचे, चावीविना आवळता येणाऱ्या चकाचे आणि शक्यतो दोन बॅटऱ्यांसह मिळणारे इम्पॅक्ट ड्रिल घ्यावे. आपल्या पाच हजारांच्या जरा अलीकडे-पलीकडे ते मिळेल. ‘केवळ यंत्र’ असे लिहिलेल्या स्वस्त डब्याला भुलू नका, त्यात बॅटरी आणि चार्जर नसतो. ब्रशविरहित मोटरसाठी जास्त पैसे मोजण्याचेही कारण नाही. साध्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश घासून झिजतात, पण वर्षातून सहा वेळा वापरताना ते झिजणार तरी कधी?

वायरवाला

प्रवाहाविरुद्ध बोलतो, राग नसावा. वर्षातून चार-सहा वेळा वापरायचे असेल तर बॅटरीचे ड्रिल का? लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने उतरत जाते. पाच-सात वर्षांनी ती गेली की नव्या बॅटरीच्या किमतीत जवळजवळ निम्मा संच येतो, आणि तोवर ते मॉडेल बाजारात असेलच असे नाही. याउलट ५०० ते ६०० वॉटचे वायरचे इम्पॅक्ट ड्रिल दोन-अडीच हजारांत मिळते, लिंटलमध्ये बॅटरीच्या लहान यंत्रापेक्षा अधिक जोर लावते, आणि दहा वर्षे माळ्यावर पडून राहिले तरी प्लग लावल्याबरोबर फिरते. माझे असेच आहे. वडिलांचे गिरमिट अजून माळ्यावर आहे, त्याच्याच शेजारी ते ठेवतो.

मोगरा_नाशिक

वायरवाला यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली. घोड्यावर उभे राहून, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने दोन किलोचे यंत्र डोक्याच्या वर पेलायचे आणि त्यात एक्स्टेंशनची वायर पायात येऊ द्यायची, हे मी दोन वर्षे केले आहे. १२ व्होल्टचे यंत्र बॅटरीसह किलोभराच्या आसपास भरते आणि माझ्या हाताच्या पंजात नीट मावते. दुसरे असे, की बॅटरीचे ड्रिल असले की भोक पाडण्याआधी घराचा मेन स्विच बंद करता येतो. वायरच्या ड्रिलला वीज हवीच, त्यामुळे ती सोय तेवढ्या सहजपणे मिळत नाही. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भिंतीत वायरींचा पाइप असतोच असे धरून चालावे, आणि न्हाणीघरात नळाच्या व शॉवरच्या रेषेतही भोक घेऊ नये.

मी आधी एक अनोळखी नावाचा, सुटकेसमध्ये चाळीस वस्तू भरून आलेला ‘२१ व्होल्ट’चा संच घेतला होता. यंत्र बरे होते, पण त्यातील बिटांपैकी एकाचे टोक दुसऱ्याच भोकात वाकले आणि आठ महिन्यांनी चार्जर बंद पडला, तेव्हा त्याला जोडीदार कोठेही मिळाला नाही. चाळीस वस्तूंपैकी मोजपट्टी तेवढी अजून वापरते.

तिसरा_मजला

सर्वांचे आभार. शेजाऱ्यांचे वायरचे ड्रिल मागून आणून (दुपारी दोन ते चार हा काळ सोडून, कारण आमच्या सोसायटीत त्या वेळी शिंकण्यालाही मनाई आहे) तीन ठिकाणी भोके पाडून पाहिली. बैठकीच्या खोलीतील भिंतीतून पांढरी भुकटी आली आणि बिट सहज आत गेले, म्हणजे एएसी ब्लॉक. खिडकीच्या वर मात्र करडी भुकटी आली, एक भोक पूर्ण झाले, आणि दुसरे वीस-पंचवीस मिलिमीटरवर अडून बसले ते पुढे जाईना. तेव्हा दोन प्रश्न उरतात. अडलेल्या भोकाचे काय करावे? आणि ब्लॉकच्या भिंतीवर डब्यांची जड फळी टिकेल का?

ओळंबा

अडलेल्या भोकात एक तर खडी लागली असेल किंवा सळई. खडी असेल तर ठोके चालू ठेवून, कमी वेगात, थांबत-थांबत रेटल्यास ती फुटते. बिटाचे टोक चकाकू लागले, भुकटी येणे थांबले आणि आवाज धातूचा झाला तर ती सळई समजावी आणि तेथे जोर करू नये. ब्रॅकेट दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घेणे हाच उपाय. सळई कापत बसणे चुकीचेच, तिच्यावर लिंटलचा भार आहे.

आपल्याकडे रॉडची बारा-चौदा भोकेच काँक्रीटमध्ये आहेत. तेवढ्यासाठी एक दिवस रोटरी हॅमर भाड्याने आणावा. त्यात दातेरी चकत्यांऐवजी हवेच्या दाबाने चालणारा दट्ट्या बिटावर आघात करतो, त्यामुळे माणसाला फार रेटावे लागत नाही आणि सहा मिलिमीटरचे भोक काही सेकंदांत होते. त्याला एसडीएस-प्लस, म्हणजे खाचा असलेल्या दांड्याचे बिट लागते, साधे गोल दांड्याचे त्यात बसत नाही, हे दुकानातून निघण्यापूर्वी पाहून घ्या. आमच्या भागात तीन-चारशे रुपये रोजाने मिळतो.

ब्लॉकच्या भिंतीत उलट वागावे लागते. तेथे ठोके पूर्ण बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडावे, नाहीतर ते आत ढासळून रुंद होते आणि गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) स्क्रूबरोबर गोल फिरत राहते. गिट्टी सहा मिलिमीटरची असेल तर बिट पाचचे घ्यावे. त्यातही साधी तीस मिलिमीटरची गिट्टी प्लास्टरमध्येच अर्धी संपते. म्हणून निदान पन्नास मिलिमीटर लांबीची, किंवा बाहेरून पीळदार पाती असलेली खास सच्छिद्र ब्लॉकसाठीची गिट्टी मागावी. डब्यांच्या फळीला दोनऐवजी तीन-चार ब्रॅकेट द्या, आणि शक्य असल्यास एक टोक कॉलमपाशी न्या. भरलेले तांदळाचे आणि डाळींचे डबे मिळून किती वजन होते, ते एकदा काट्यावर करून पाहा. लोक हा अंदाज नेहमी कमी करतात.

तिसरा_मजला

पटले. १२ व्होल्टचे, दोन बॅटऱ्यांचे इम्पॅक्ट ड्रिल घेतो, आणि पडद्यांसाठी येत्या रविवारी रोटरी हॅमर भाड्याने आणतो. वायरवाला यांचे म्हणणे पैशाच्या दृष्टीने खरे आहे, पण कड्या, कपाटाच्या बिजागऱ्या आणि खुर्च्यांचे स्क्रू ही पुढची कामे पाहता हलके यंत्र अधिक वेळा हातात येईल असे वाटते. यंत्रासोबत आणखी काय घ्यावे लागेल?

अर्धा_सुतार

भिंतीसाठी कार्बाइडच्या टोकाची ५, ६ आणि ८ मिलिमीटरची बिटे एकेक करून, चांगल्या प्रतीची. लाकूड आणि पत्र्यासाठी एचएसएस, म्हणजे कठीण पोलादाच्या बिटांचा लहान संच. न्हाणीघरातील टाइल्ससाठी भाल्याच्या टोकाचे बिट. टाइलवर आधी चिकटपट्टी लावून खूण करावी म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ठोके बंदच ठेवावेत. डोळ्यांना चष्मा घ्याच. वर पाहत भोक पाडताना भुकटी सरळ डोळ्यांत येते. भोकाखाली जुने लग्नपत्रिकेचे पाकीट उघडे करून चिकटवले की निम्मा केर त्यातच पडतो.

स्क्रू बसवताना पहिला गिअर ठेवा आणि चकामागच्या कड्यावरचा आकडा लहानापासून सुरू करून वाढवत न्या. कट-कट असा आवाज आला की स्क्रू बसला. थेट ड्रिलच्या चित्रावर कडे ठेवून बिजागरीचा स्क्रू मारलात तर पार्टिकल बोर्डात तो गोल फिरत राहील आणि पुन्हा कधी धरणार नाही.

बॅटरी पूर्ण रिकामी करून किंवा काठोकाठ भरून महिनोन्‌महिने ठेवू नका. निम्म्याच्या आसपास भारित करून, यंत्रातून काढून, कोरड्या कपाटात ठेवा. काम झाल्याबरोबर तापलेली असताना चार्जरला लावू नका. दर तीन-चार महिन्यांनी एकदा दिवा पाहून थोडी भरा, आणि दुसरी बॅटरी आळीपाळीने वापरा.

वायरवाला

ठीक आहे. रोटरी हॅमर रविवारी आणणार असाल तर शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा. रविवारी सकाळी दहानंतर आमच्याकडे तरी तो शिल्लक नसतो.