लॉकसेट बदलण्यापूर्वी

कोल्हापुरात रंकाळ्यावर गाडीची रिमोटची किल्ली हरवल्यावर सेवा केंद्राने पूर्ण लॉकसेट (गाडीची सर्व कुलपे आणि किल्ल्या) बदलण्याचा सल्ला दिला, असे आपण लिहिले आहे. परंतु दुसरी किल्ली घरात शाबूत असेल, तर एवढ्या खर्चाची गरज सहसा नसते. अशा किल्लीत पाते, दारे उघडणारा रिमोट आणि इंजिन सुरू होऊ देणारी इमोबिलायझरची (चोरीविरोधी यंत्रणेची) चिप या वेगवेगळ्या गोष्टी असतात. चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते, म्हणून रिमोट नसलेली, केवळ चिपची साधी किल्ली करून घेतली तरी गाडी सुरू होते आणि पैसे बरेच वाचतात. (बटणाने सुरू होणाऱ्या गाडीला मात्र ही युक्ती लागू नाही.)

उद्यमनगरात चौकशी करताना पाते कापणे, चिप आणि ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या संगणकाला जोडणी करण्याच्या सॉकेटमधून) प्रोग्रॅमिंग, म्हणजे नव्या किल्लीची गाडीत नोंद, यांचा एकत्रित दर आधीच ठरवून घ्यावा. सुटा रिमोट ऑनलाइन मागवायचा असल्यास फ्रीक्वेन्सी जुळते का, हे पाहावे. कवच सारखे दिसते म्हणून घेतलेला रिमोट बहुधा ड्रॉवरातच पडून राहतो. प्रोग्रॅमिंगला जाताना उरलेल्या सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात, कारण अनेक गाड्यांत त्या वेळी हजर नसलेल्या किल्ल्या बाद होतात, आणि हरवलेली किल्ली बाद होणे तर आपल्याला हवेच आहे. तिचे पाते तरीही दार उघडू शकते, तेव्हा मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नयेत. विमा पॉलिसीत किल्ली बदलून देण्याचे ॲड-ऑन आहे का, हे मात्र खिशात हात घालण्यापूर्वीच तपासावे.