'प्रोरोग': वाढवणे की संपवणे?

संसदेच्या कामकाजातल्या 'प्रोरोग' (prorogue) या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत 'तहकूब करणे' वापरावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते वापरू नये. (उच्चारात 'रोग' ऐकू येत असला तरी आजाराशी त्याचा काही संबंध नाही.) बैठक तहकूब होते ती त्याच सत्रात पुन्हा भरण्यासाठी, या क्रियापदाने मात्र सत्रच संपते, सभागृह तेवढे कायम राहते. सभागृहाचीच मुदत संपवली, तर ते विसर्जन.

गंमत अशी, की मूळ लॅटिन 'प्रोरोगारे'चा अर्थ मुदत वाढवणे असा आहे. 'प्रो' म्हणजे पुढे, 'रोगारे' म्हणजे विचारणे. रोममध्ये अधिकाऱ्याचा कार्यकाळ वाढवायचा तर तसा प्रस्ताव लोकांना विचारला जाई. इ.स.पू. 327 मध्ये पब्लिलियस फिलो हा कॉन्सल (एका वर्षासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी) आजच्या नेपल्सजवळ वेढा घालून बसला असताना त्याचे वर्ष सरत आले, आणि ऐन वेढ्यात सेनापती बदलणे परवडणारे नसल्याने युद्ध संपेपर्यंत त्याचाच अधिकार पुढे चालू ठेवण्यात आला.

फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत आले तेव्हाही त्यात लांबवण्याचाच अर्थ होता. लांबवणे म्हणजे पुढे ढकलणे, आणि संसदेची बैठक दूरच्या तारखेवर ढकलली की चालू सत्र तिथेच मिटते, अशा वाटेने ते आजच्या अर्थाला पोहोचले. शेक्सपियरच्या रोमिओच्या तोंडी ते लांबणीवर पडलेल्या मरणाविषयी येते; आज मात्र संसदेखेरीज दुसरे कर्म त्याला क्वचितच मिळते. मराठीतही आपण दिवा 'वाढवतो' तेव्हा तो मालवतोच, पण तिथे कारण अशुभ टाळण्याचे आहे. इंग्रजीतला बदल निव्वळ वापरातून झाला.

मराठीत विधिमंडळाच्या बातम्यांत 'अधिवेशन संस्थगित झाले' असे येते. ते चुकीचे नाही, पण 'स्थगित'शी फार जवळचे असल्याने वाचकाला तात्पुरत्या थांबण्याचा भास होतो; 'सत्रसमाप्ती' मला अधिक नेमका वाटतो. परिणाम मात्र देशागणिक बदलतो: ब्रिटनमध्ये प्रलंबित विधेयके, ती पुढच्या सत्रात नेण्याची खास तरतूद केली नसेल तर, बाद होतात, तर आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 107 नुसार सत्रसमाप्तीमुळे विधेयक व्यपगत, म्हणजे बाद, होत नाही.

तहकुबी आणि सत्रसमाप्ती यांतला फरक किती खरा आहे, हे 2019 मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. 24 सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी संसदेची पाच आठवड्यांची सत्रसमाप्ती एकमताने बेकायदा आणि शून्यवत ठरवली. दुसऱ्या दिवशी हाउस ऑफ कॉमन्स भरले तेव्हा सभापतींनी 9 सप्टेंबरच्या कार्यवृत्तातली सत्रसमाप्तीची नोंद काढून टाकून, त्या दिवशी सभागृह तहकूब झाले होते अशी दुरुस्ती करायला सांगितले. त्या दुरुस्त नोंदीचे भाषांतर करताना 'तहकूब' हाच शब्द बरोबर.